जुना कार रेडिओ-टेप: डावा स्पीकर मधेच जातो, गाडी चालू केली की शिट्टी, टेपचा आवाज बसलेला

काटा_आणि_नॉब:
नमस्कार मंडळी, गाडी ८० च्या दशकातली आहे, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला), आणि रेडिओ-टेप तिचा मूळचाच, दोन बाजूंना दोन नॉब, मधे काटा आणि त्याखाली कॅसेटची खाच. काढून नवीन बसवा असं कृपया सांगू नका, मला हाच वाजता हवाय. आता तक्रारी ऐका. रेडिओ (फक्त मीडियम वेव्ह आहे) लावला की थोडा वेळ दोन्ही स्पीकर नीट वाजतात, मग डावा बारीक होत होत बंदच पडतो, आणि गंमत म्हणजे एकदा कॅसेट आत ढकलून बाहेर काढली की परत चालू. टेपवर डावा कधीच जात नाही. दुसरं, इंजिन चालू असलं की बारीक शिट्टी येते, अॅक्सिलरेटर दाबला की तीही चढते, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ऐकू येते. तिसरं, टेप एकदम गुदमरल्यासारखा वाजतो आणि थोडा हळू पण वाटतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आहेच. सुरुवात कुठून करू? सोल्डरिंग जमतं, मल्टिमीटर आहे.

सोल्डर_गन:
एवढ्या जुन्या सेटमधले सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (आत द्रव असलेले) वाळलेले असणार, डोळे झाकून सगळे बदला, निम्म्या तक्रारी तिथेच जातील.

जुनी_चकती:
सोल्डर_गन भाऊ, कंडेन्सर म्हातारे झालेत हे खरं, पण सरसकट बदलायला मी विरोध करेन. जुन्या बोर्डाचे ट्रॅक गरम केले की सहज उचलतात, आणि एकदम वीस-पंचवीस पार्ट बदलले की मग दोष मूळचा होता की नवीन तयार झाला तेच कळत नाही. आधी दोष कुठल्या भागात आहे ते वेगळं काढा, सोल्डरिंग गन नंतर.

काटा_आणि_नॉब, तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच लिहिलंय. टेपवर डावा स्पीकर जात नाही म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल, अॅम्प्लिफायर, वायर, स्पीकर सगळं ठीक, कारण ते दोघांना सामाईक आहे. रेडिओ मोनो, त्याचा एकच सिग्नल फुटून दोन्ही चॅनेलला जातो आणि उजवा वाजतोय म्हणजे ट्यूनर पण ठीक. मधे उरलं काय, तर कॅसेट आत गेली की रेडिओवरून टेपवर नेणारा स्विच. बहुतेक सेटमध्ये तो कॅसेटच्या कप्प्याच्या बाजूला असतो, पत्र्याच्या पातळ पट्ट्या किंवा छोटा सरकता स्विच, आणि त्याचे पॉइंट काळे पडतात. कॅसेट घालून काढली की पॉइंट घासले जातात म्हणून परत चालू होतो. काँटॅक्ट क्लीनर मारा, पट्ट्या असतील तर त्यांच्यामधून क्लीनरने ओला केलेला जाडसर कागद ओढा, पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा जातो. तोच क्लीनर व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) मारून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर फिरवा. तरीही खरखर राहिली तर पॉटच्या मधल्या पायावर डीसी व्होल्टेज येतंय का बघा, येत असेल तर त्याआधीचा कपलिंग कंडेन्सर (आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय, आणि तेव्हा तो एक बदला.

शिट्टीचं. व्हॉल्यूम शून्यावर असताना येते म्हणजे ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या नंतरच्या भागात घुसतेय, बहुतेक सप्लायमधूनच. इंजिन चालू ठेवा पण सेटचे प्लस आणि मायनस दोन्ही वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवर जोडा (सेट डॅशबोर्डमधून बाहेर काढून, बॉडीला कुठे टेकू न देता, एरियल पण काढून, स्पीकर सुद्धा सुटे जोडा). शिट्टी गेली तर सप्लाय हे नक्की. सेटमध्ये प्लसची वायर शिरते तिथे चोक (गोंगाट अडवणारी तारेची कॉइल) आणि मोठा कंडेन्सर असतो, तो कंडेन्सर जरूर बदला, १६ व्होल्टचा असेल तर २५ व्होल्टचा, १०५ डिग्रीवाला घ्या, कारण गाडी चालू असताना १४ व्होल्टच्या वर जातं. आणि अल्टरनेटर पण तपासा, हेडलाइट लावून इंजिन थोडं रेस करा आणि बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजा, अर्धा व्होल्ट दिसलं तर आतला डायोड गेलाय, मग रेडिओत कितीही काम केलं तरी उपयोग नाही. साधे मल्टिमीटर एसी रेंजवर डीसीमुळे फसतात, प्रोबला सीरिजमध्ये छोटा कंडेन्सर लावून मोजा. शिट्टीऐवजी टकटक असती तर ती इग्निशनची, तिथे रेझिस्टरवाल्या प्लग वायर आणि कॉइलचा सप्रेसर बघावा लागतो.

हेड_क्लीनर:
टेपचं मी सांगतो. आधी हेड, कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता बारीक दांडा) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाला तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. गुदमरलेला आवाज निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यानेच उघडतो. नाहीच उघडला तर अॅझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, तो हेडच्या बाजूच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूने बदलतो. आधी स्क्रूवर रंगाची खूण करा, मग चांगली कॅसेट लावून अगदी थोडा थोडा फिरवा आणि झांजेचा आवाज सगळ्यात स्वच्छ जिथे येईल तिथे थांबा. वेगासाठी ३१५० हर्ट्झची टेस्ट कॅसेट मिळाली तर मोबाइलवर फ्रिक्वेन्सी बघा, ३००० दिसलं तर जवळपास ५ टक्के हळू चालतोय. पण मोटरचा स्क्रू फिरवायच्या आधी बेल्ट बघा हां, ढिल्या बेल्टवर वेग कधीच टिकत नाही.

काटा_आणि_नॉब:
अपडेट देतो. कॅसेटच्या कप्प्याजवळ पट्ट्यांचा स्विच सापडला, पॉइंट खरंच काळेकुट्ट होते, कागद ओढल्यावर डावा स्पीकर एकदाही गेला नाही. वेगळ्या बॅटरीवर शिट्टी पूर्ण बंद, अल्टरनेटर ठीक दिसतोय, कंडेन्सर मागवलाय. हेड पुसल्यावर आवाज चांगलाच उघडला पण बेल्टचं तर डांबर झालंय, पुलीला चिकटलंय, हात काळे. नवीन बेल्टचं माप कसं काढायचं?

हेड_क्लीनर:
आधी अल्कोहोलने पुली आणि फ्लायव्हीलची कड पूर्ण स्वच्छ आणि कोरडी खडखडीत करा, डांबर कणभर राहिलं तरी नवीन बेल्ट घसरतो. मग बेल्ट ज्या वाटेने जातो त्याच वाटेने दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि बेल्टचा घेर त्यापेक्षा साधारण ५ टक्के कमी घ्या. फार घट्ट घेऊ नका, मोटरच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो ती बेअरिंग) ताण येतो. जाडी जुन्या बेल्टचा एखादा शाबूत तुकडा मिळाला तर त्यावरून बघा, नाहीतर पुलीच्या खाचेवरून. चौकोनी आहे की चपटा तेही खाचेवरूनच कळेल.