क्रुशिन्यानी: थकलेल्या पगारातून मिळालेलं गाव

पोलंडच्या खेड्यात मशीद आली कुठून, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर एका गावात सापडतं, म्हणून लिहितो. क्रुशिन्यानी. ईशान्य पोलंडच्या पोडलास्ये प्रांतात, बेलारूसच्या सीमेला अगदी लागून. आजूबाजूला शेतं, पश्चिमेकडे क्निशिनचं मोठं जंगल.

तातार, म्हणजे तुर्की वंशाचे मुस्लिम लोक, या भागात आले ते लिथुआनियाच्या राजवटीत, चौदाव्या-पंधराव्या शतकापासून. मुख्यतः घोडदळातले सैनिक म्हणून. पुढे पगार थकले, हक्कांवर गदा आली. १६७२ साली त्यांच्यातल्या बऱ्याच तुकड्या सरळ तुर्कांना जाऊन मिळाल्या! त्यातल्या अनेकांना परत आणल्यावर पोलंड-लिथुआनियाचा राजा यान सोबिएस्की याच्याकडे द्यायला रोकड नव्हती. मग १६७९ मध्ये त्याने थकबाकीपोटी जमिनी दिल्या, त्यातच हे गाव. इथली जमीन मिळालेला कर्नल सामुएल मुर्झा क्शेचोव्स्की. त्याने लढाईत राजाचा जीव वाचवला असं सांगतात, पण ती दंतकथाच समजावी.

अठराव्या शतकातली हिरवी लाकडी मशीद मात्र खरोखर बघण्यासारखी. पुढे दोन चौकोनी मनोरे, त्यामुळे लांबून चर्चच वाटते. स्थानिक सुतारांना माहीत होतं तसंच त्यांनी बांधलं असावं. वरची चंद्रकोर दिसल्यावर उलगडा होतो. आत बायकांसाठी वेगळा भाग आहे.

तातारी भाषा तर केव्हाच गेली. आडनावं पोलिश, धर्म तेवढा टिकला. आता गावात मोजकीच तातार कुटुंबं आहेत, शेजारी बरेचसे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. गेलात तर पिएरेकाचेव्निक, म्हणजे पातळ पापुद्र्यांची भरलेली गुंडाळी, नक्की खा.