मारवा राग ऐकला की जीव कासावीस होतो, तरी रोज तोच का लावतो मी?

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी, लई दिवस विचारायचं होतं. मी बेळगावात फाउंड्रीत कामाला. गाण्याशी संबंध म्हणजे आजोबा सकाळी धारवाड आकाशवाणी लावायचे तेवढाच, आणि ते आ आ सुरू झालं की आम्ही पोरं अंगणात पळायचो. आता चाळिशी ओलांडल्यावर काय झालं कुणास ठाऊक, शिफ्ट सुटली की तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ ट्रॅफिकमधे अडकायचं ठरलेलंच, दिवस मावळायला आलेला असतो, अंगाला भट्टीचा वास, आणि मी गाडीत मारवा लावतो. मारवाच. आनंद बिनंद काही होत नाही, उलट आत कायतरी ओढल्यासारखं होतं, तरी उद्या परत तोच.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा मैफलीला गेलो. शेजारचे काका मांडीवर ताल धरून बसलेले. मधेच माझ्याकडं वळून म्हणाले, "काय, समजतंय का?" मी नुसता हसलो. तेव्हापासून डोक्यात बसलंय. ताल कळत नाही, सम म्हणजे तालाचा पहिला ठोका, त्याची जागा कळत नाही, मग मला जे आवडतंय ते नक्की काय आवडतंय? तुम्हाला का आवडतं, आणि कुणाचं, तेपण सांगा.

शहापूरचा_ठेका

काकांचं मनावर घेऊ नका, प्रत्येक मैफलीत एक तसे काका असतातच, फुकट.

मी सहा वर्षं तबला शिकतोय. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं माझं ऐकण्यातलं सुखच गेलं. गाणारा काय गातोय तिकडं लक्षच नाही, मनात नुसतं धिं धिं धागे तिरकिट. विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल म्हणजे बारा मात्रा खऱ्या, पण किराणा घराण्याचे लोक अतिविलंबित लावतात तेव्हा एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, मिनिटभर चालतं, तेवढा वेळ मोजत बसलं की माणूस अकाउंटंट होतो. मग एकदा भीमसेनजींचं जुनं रेकॉर्डिंग ऐकताना मोजायचं विसरलो आणि समेवर मान आपोआप खाली गेली. आता मला त्यातलं तेच आवडतं, गाणारा कुठंकुठं भटकून येतो आणि बरोबर त्या एका ठोक्यावर येऊन बसतो. तुमची मान हलते का बघा कधी. हलत असंल तर तुम्हाला सम कळते, नाव म्हाईत नाही एवढंच.

जवारी

निपाणीहून लिहितोय. तुमच्या प्रश्नातलं मारव्याचं एकच सांगतो.

मारव्यात पंचम (प) नाही. ऋषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र. भर सगळा ऋषभ आणि धैवतावर (ध). पण खरी गंमत षड्जाची, म्हणजे सा ची आहे. मागं तानपुरा सारखा सा, सा म्हणत असतो आणि गाणारा त्या सा वर येऊन टेकतच नाही, निषादावरून उडी मारून रे वर जातो, जवळ येतो, परत फिरतो. तुमच्या तिसऱ्या गेटासारखंच की, घराचा रस्ता समोर दिसतोय आणि फाटक पडलेलं. मग लई वेळानं एकदा सा लागतो तेव्हा कसं वाटतं ते तुम्हीच सांगा. आता घरी जाऊन पूरिया ऐका आणि मग सोहनी. तिन्हीत सूर तेच, एक कमी नाही एक जास्त नाही. पूरिया खाली गांधार-निषादात रमतो, सोहनी वरच्या सप्तकात चमकते, आणि मारवा असा ताटकळत ठेवतो. सूर तेच असून तिघांचे स्वभाव एवढे वेगळे कसे, ह्याचंच मला अजून नवल वाटतं, म्हणून मी ऐकतो.

आणि जमलं तर एकदा मिरजेला तानपुऱ्याच्या कारागिरांकडं जाऊन नुसता तानपुरा ऐका. लेकीच्या तानपुऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारेचा नाद खुलवून घ्यायला गेलेलो. कारागिरानं घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा एक धागा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी ती तार अशी काय उघडली, मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी. मग म्हणाला डोळे मिटा आणि फक्त खरजाची, म्हणजे खालच्या सा ची तार ऐका. ऐकली. त्यात गांधार वाजत होता! कुणी छेडलेला नाही, कुठल्या तारेला लावलेला नाही. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही, बायकोला वाटलं पैसे जास्त घेतले म्हणून.

खरं_सांगू_का

मला मेलं ते विलंबित सहनच होत नाही. तवंदी घाटात उसानं भरलेल्या ट्रॉलीमागं अडकल्यासारखं वाटतं, ओव्हरटेक पण करता येत नाही. मला नाट्यसंगीत आवडतं, चार-पाच मिनिटांत राग पण येतो, तान पण येते, आणि शब्द कळतात. ह्यात कमीपणा काय? सगळ्यांना सगळं आवडलंच पायजे असं कुठाय.

खानापूरची_सून

@खरं_सांगू_का शब्दांचं म्हणाल तर आमच्या घरची गंमत ऐका. माझं माहेर धारवाड, घरी कन्नड, लग्न होऊन इकडं मराठी घरात. बोर्डांवरच्या भाषेवरून इथं किती वाजतं ते तुम्हाला सांगायला नको. पण बंदिश, म्हणजे गाण्याचे बांधलेले शब्द, बहुतेक ब्रजभाषेतली, म्हणजे सासूबाईंना कळत नाही आणि मलापण नाही, त्यामुळं त्या बाबतीत घरात शांतता. भांडण आहे ते वेगळंच, त्या कुमार गंधर्वांच्या आणि मी मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांची.

सासूबाई म्हणतात कुमार आपल्या सुळेभावीचा पोरगा. आता शिवपुत्र कोमकळीमठ हे त्यांचं मूळ कानडी नाव ऐकून मी म्हणते मग तर आमचाच की 😀 त्यांना ते मधेच गप्प होणं आवडतं. क्षयानं फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणंच बंद, आणि परत गायला लागले तेव्हा लांब दमाच्या ऐवजी छोट्या छोट्या झेपा, एक सूर फेकायचा आणि थांबायचं. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. त्या म्हणतात, "ह्याला म्हाईत हाय श्वास म्हणजे काय." ह्यावर मी काय बोलणार?

मला अण्णा आवडतात कारण ते वाट बघायला लावत नाहीत. चार सूर लावले न लावले की थेट बंदिशीत. अण्णांच्या जयपूर घराण्याची तान म्हणजे जिलबीसारखी, कुठं सुरू झाली कुठं संपली कळत नाही, आता हा समेला चुकणार असं वाटतंय तोवर बरोबर येऊन पडते. त्यात ते जोडराग, म्हणजे एकात दुसरा मिसळलेले, खट काय, नट बिहाग काय. पहिल्यांदा ऐकताना काही पत्ता लागत नाही. माझे वडील रेडिओ बंद करून विचारायचे, "येन तिळीतु?" काय समजलं? आम्ही म्हणायचो काही नाही. ते म्हणायचे, मग उद्या परत ऐक. त्यांनापण सगळं कळत होतं असं नाही, मला आत्ता शंका येते.

शहापूरचा_ठेका

जिलबी नाही हो, करदंट म्हणा, चावायला लागतं 😂

उद्यमबागवाला

सगळ्यांना थँक्स. काल जवारीसाहेबांनी सांगितलं तसं केलं. जेवणं झाल्यावर मारवा, पूरिया, सोहनी ओळीनं लावले, धाकटी आठवीतली शेजारी मोबाइल घेऊन बसलेली. पूरिया सुरू झाल्यावर वर न बघता म्हणाली, "पप्पा, हे मघाचंच, पण आता माणूस घरी आलाय." मी बघतच राहिलो, तिला मी तुमचं काही वाचून दाखवलेलं नव्हतं. सोहनीला मात्र झोपली.

आणि आज येताना गेटाजवळ मुद्दाम लक्ष ठेवलं. मान हलते. दोनदा हलली, तिसऱ्यांदा मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला.

रविवारी मिरजेला जायचं ठरवतोय, धाकटी येणार म्हणते. गाडीत दोन जागा आहेत, कुणी येणार असंल तर कळवा. त्या शेजारच्या काकांचा नंबर नाही माझ्याकडं, नायतर त्यांनापण घेतलं असतं.