चित्रकाराने नोकरी धरावी की स्वतंत्र कामं घ्यावीत?

शाईदौत
अप्लाइड आर्ट झालं की जाहिरात एजन्सीत चिकटायचं, हे पटत नाही. मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची सजावट, पॅकेजिंग घरूनही होतं. मुख्य मुद्दा हक्कांचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत काढलेल्या चित्राची पहिली मालक कंपनी. स्वतंत्र कामात हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत नसेल तर ५ वर्षांनी परत येतात. मुखपृष्ठाचं चित्र पुढे कॅलेंडरलाही विकता येतं.

तिरकस
अर्धंच सांगितलंत. त्याच कायद्याचं कलम १७ वाचा. पैसे देऊन काढून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचं. आणि आपल्याकडे करार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'ओके'!

आता हिशोब. महिना ५० हजार हातात हवेत. सॉफ्टवेअर, वीज, विमा, टॅब्लेटची झीज मिळून १५ हजार धरा. महिन्याच्या १३० तासांतले फार तर ८० बिलात येतात, उरलेले फोन, कोटेशन आणि वसुलीत जातात. म्हणजे तासाला ८००च्या वर, १२ तासांचं मुखपृष्ठ जवळजवळ १० हजारांना. छोटा प्रकाशक 'कळवतो' म्हणेल, झालं. वर पीएफमधला कंपनीचा १२ टक्के वाटाही गेला.

शाईदौत
तासाचा दर सांगायचाच कशाला? वापराचा सांगा: किती प्रती, एकच आवृत्ती की पुढच्याही, ई-पुस्तक धरून की सोडून. ५० टक्के आगाऊ, ३० कच्चं रेखाटन मंजूर झाल्यावर, २० अंतिम फाइल देण्याआधी. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून पैसे. तोवर फक्त ७२ डीपीआयची, म्हणजे छापता न येण्याइतकी ढोबळ, वॉटरमार्क टाकलेली प्रत पाठवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते. ती असेल तर करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. नोंदणी मात्र काम घेण्याआधी करा, नंतरची असेल तर समोरचा तोच मुद्दा काढतो.

तिरकस
व्याज मिळेल हो, पुढचं काम मिळणार नाही.

खिळेजुळारी
दोघंही छपाई विसरलात. पहिली दोन वर्षं नोकरीच करा, तीही छापखान्याला लागून असलेल्या जागी. पडद्यावरचा झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, जांभळट उतरतो. ३ मिमी ब्लीड, म्हणजे कडेबाहेर जादा चित्र, सोडलं नाही तर कटिंगला कडेला पांढरी रेघ येते. बारीक काळी अक्षरं चार रंगांत ठेवली आणि प्लेट केसभर हलली की अक्षराला सावली पडते, म्हणून मजकूर के १०० मध्येच, म्हणजे फक्त काळ्या शाईत. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात. तपासून मगच कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे आकार करा, मूळ फाइल वेगळी ठेवा. पुस्तकाच्या पाठीची जाडी म्हणजे पानं भागिले २ गुणिले कागदाची जाडी. ती कागद ठरल्यावरच काढायची, नाहीतर पाठीवरचं नाव घडीवर सरकतं. २,००० कव्हरं वाया गेली तर एजन्सीत खर्च कंपनीच्या डोक्यावर, एकट्याच्या बाबतीत बिलातून वळता.

शाईदौत
हे मान्य. पण दोन वर्षं कशाला? ओळखीच्या प्रेसवर आठ-दहा कामं मशीनवर चढताना उभं राहून बघा. मोठ्या कामाला प्रूफवर ग्राहकाची सही घ्या, म्हणजे कव्हरांचा खर्चही अंगावर येत नाही.

तिरकस
बरं, दिवाळी अंकांची कामं जुलै ते सप्टेंबर. जानेवारीतला हप्ता कशातून भरायचा, तेवढं सांगा.