मदत हवी आहे : सड्यावरचे दुर्मीळ गवत चोडणच्या बागेत कसे रुजवावे?

नमस्कार. गोव्याचेच नाव मिरवणारे ‘ग्लायफोक्लोआ गोवाएन्सिस’ हे दुर्मीळ गवत चोडण बेटावरील आमच्या परसात वाढवण्याचा मी दोन पावसाळे प्रयत्न करीत आहे. या गवताची संपूर्ण प्रजाती भारतीय द्वीपकल्पाबाहेर आढळत नाही, आणि चिरेखाणींमुळे व बांधकामांमुळे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, नाहीसे होत असताना ते निदान एका वाफ्यात तरी टिकावे, अशी मनापासून इच्छा आहे.

स्नेह्यांच्या जमिनीतील सड्यावरून मूठभर बी आणून मृगाच्या पावसात पेरले. ते उगवले, परंतु रोपे बोटभर उंच होताच बुंध्याशी तपकिरी व मऊ पडून आडवी झाली. सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम पातळ थर असतो. आमची माती मात्र मांडवीच्या गाळाची, चिकट आणि पाणी धरून ठेवणारी आहे.

आता जांभ्याचे चिरे अंथरून त्यांवर चुरी व थोडी माती पसरावी म्हणतो. थराची जाडी किती ठेवावी, शेणखत पूर्णपणे टाळावे का, आणि पुढील पावसाळ्यापर्यंत बी कसे साठवावे, हे ज्यांनी सड्यावरची गवते स्वतः वाढवली आहेत त्यांनी कृपया सांगावे.