‘सिंच’ म्हणजे नक्की की सोपं?

शब्दशोध:
‘ही इज अ सिंच टू विन’ म्हणजे तो जिंकणारच. ‘द एक्झाम वॉज अ सिंच’ म्हणजे परीक्षा अगदी सोपी गेली. वर ‘सिंच द बेल्ट’ म्हणजे पट्टा आवळा. एका शब्दात हे तीन अर्थ कसे आले? आणि ‘क्लिंच’ हे त्याचंच दुसरं रूप का?

खोगीर:
आवळणं हा मूळ अर्थ. सिंच म्हणजे खोगिराचा तंग, घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. लॅटिन ‘सिंगेरे’ म्हणजे वेढणं, कमरेला बांधणं. त्यावरून पट्ट्याला ‘सिंगुला’, स्पॅनिशमध्ये ‘सिंचा’. मेक्सिकन गुराख्यांच्या खोगिरांबरोबर तो अमेरिकेच्या पश्चिम भागात आला आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी लिखाणात दिसू लागला.

खात्रीचा अर्थ कळायला हा तंग बांधतात कसा ते बघा. तो दोऱ्यांचा, रुंद विणलेला. दोन्ही टोकांना कडी. खोगिराच्या डाव्या कडीला ‘लॅटिगो’ नावाची लांब चामडी वादी असते. ती तंगाच्या कडीतून काढून वर खोगिराच्या कडीत ओवायची, असे दोन वेढे घ्यायचे आणि टोक ओढायचं. कड्या कप्पीसारखं काम करतात, त्यामुळे थोड्या जोरात तंग पक्का बसतो. बकलाला भोकाभोकानेच आवळता येतं. वादी हवी तितकी ओढता येते. मात्र खोगीर चढवताना बरेच घोडे अंग फुगवून धरतात. एकदाच आवळून स्वार झालात तर चार पावलांत तंग सैल पडतो आणि खोगीर बाजूला फिरतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा आवळायचं.

असा तंग बसला की खोगीर हलत नाही. त्यावरून आधी ‘घट्ट पकड’, मग १९ व्या शतकाच्या शेवटाकडे ‘हातची न सुटणारी गोष्ट’, आणि जे हमखास होणार ते सोपंच, म्हणून ‘सोपं’. आपल्याकडेही ‘तंग’ म्हणजे खोगिराचा पट्टा आणि घट्टही, पण तो खात्रीकडे न जाता अडचणीकडे वळला.

मूळाक्षर:
‘क्लिंच’ वेगळा. तो ‘क्लेंच’चा (मूठ, दात आवळणं) भाऊ, जर्मानिक भाषांच्या घराण्यातला. लाकडातून पार गेलेल्या खिळ्याचं टोक वाकवून ठोकणं म्हणजे क्लिंच; नालाचे खिळेही खुराबाहेर आले की तसेच वळवतात. खिळा मग उपसून निघत नाही, म्हणून ‘क्लिंच द डील’ म्हणजे व्यवहार पक्का करणं. अमेरिकेत या अर्थी ‘सिंच’ही वापरतात, पण सामना किंवा विजेतेपद पक्कं करण्यासाठी ‘क्लिंच’च लिहा.

वापरात हमखास होणारी चूक: ‘सोपं’ या अर्थी सिंच हे नाम आहे. ‘इट वॉज व्हेरी सिंच’ चुकीचं, ‘इट वॉज अ सिंच’ बरोबर. शिवाय शब्द बोलीतला. अर्जात, अहवालात ‘सर्टन’ बरा.

शब्दशोध:
मग ‘सक्सिंक्ट’ (थोडक्यात, आटोपशीर) मधला ‘सिंक्ट’ तोच का?

मूळाक्षर:
हो. वस्त्र वर खोचून कमरेला कसलेलं, म्हणून आटोपशीर. ‘प्रिसिंक्ट’ म्हणजे वेढलेली हद्द, तीही तिथलीच. आणि नागीण या रोगाचं ‘शिंगल्स’ हे नावसुद्धा, कारण पुरळ अंगाच्या एका बाजूने पट्ट्यासारखं उठतं.