दाणा, गोंगाट की मुंग्या? स्कॅन केलेल्या फिल्मवरचे ठिपके

रीळपट्टी
फिल्म स्कॅन केल्यावर दिसणाऱ्या ठिपक्यांना सरसकट 'दाणे' म्हटलं जातं, मग तो ग्रेन असो की नॉइज. हे बरोबर आहे का? नॉइजला 'गोंगाट' म्हणावं तर चित्राच्या बाबतीत ते कानाला खटकतं. आणि दोन्ही कमी करायला एकच उपाय चालतो का?

चंदेरी
शब्द एकच ठेवला की उपायही एकच केला जातो आणि तिथेच चित्र बिघडतं. ग्रेनला 'दाणा' अगदी चपखल आहे. 'बारीक दाण्याची फिल्म', 'दाणेदार', 'दाणा फुटला' असं सगळं त्यातून सहज बोलता येतं. दाणा फिल्ममध्येच असतो. कृष्णधवल फिल्ममध्ये तो चांदीचा असतो. रंगीत फिल्ममधली चांदी फिल्म धुताना ब्लीच आणि फिक्स या रसायनांत निघून जाते, तिच्या जागी रंगद्रव्याचे सूक्ष्म ढग उरतात. नॉइज स्कॅनरच्या सेन्सरमध्ये तयार होतो आणि प्रत्येक स्कॅनला वेगळा पडतो.

फरक तपासायचा असेल तर फिल्म न हलवता तीच फ्रेम दोनदा स्कॅन करा. ऑटो एक्स्पोजर, शार्पनिंग, सगळं बंद ठेवा. फोटो एडिटरमध्ये दोन्ही स्कॅन दोन लेयरवर ठेवून वरच्या लेयरला डिफरन्स मोड द्या, म्हणजे एकातून दुसरा वजा होतो. दाणा दोन्हीकडे एकाच जागी असल्यामुळे वजा होतो, उरतो तो नॉइज. लेव्हल्सने उजळवून पाहा. वस्तूंच्या कडा दिसल्या तर स्कॅन सरकले आहेत, ते आधी जुळवून घ्या.

अंधारखोली
नॉइजसाठी 'मुंग्या' सुचवतो. सिग्नल नसलेल्या टीव्हीवर मुंग्या येतात असं आपण म्हणतोच. त्यातली वळवळ, जागा बदलणं इथेही लागू पडतं.

मुंग्या फिल्मच्या गडद भागात जास्त दिसतात, कारण तिथून सेन्सरपर्यंत प्रकाश कमी पोचतो. म्हणून स्लाइडमध्ये त्या सावल्यांत दिसतात, तर निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटा असल्यामुळे आकाश, पांढरे कपडे अशा उजळ भागांत. हे ध्यानात न घेता निगेटिव्हच्या सावल्यांतला दाणा नॉइज समजून पुसला जातो.

उपाय मल्टी-सॅम्पलिंगचा, म्हणजे तीच जागा अनेकदा वाचून सरासरी घ्यायची. यादृच्छिक नॉइज नमुन्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: ४ नमुन्यांत निम्मा, १६ मध्ये पाव. स्कॅनर एकाच फेरीत प्रत्येक ओळ अनेकदा वाचत असेल तर उत्तम. वेगवेगळ्या फेऱ्या घेतल्या तर केसभर सरकल्यानेही तपशील धूसर होतो. दाण्यावर याचा काहीही परिणाम होत नाही.

रीळपट्टी
'मुंग्या' पटला. पण मग २७०० डीपीआयच्या (दर इंचाला २७०० पिक्सेल) स्कॅनमध्ये दाणा ४००० पेक्षा जाड का दिसतो?

चंदेरी
त्याला मी 'खोटा दाणा' म्हणेन, इंग्रजीत ग्रेन अलायझिंग. स्कॅनरच्या पिक्सेलपेक्षा बारीक दाण्यांची रचना नीट वाचली जात नाही आणि तिच्यातून प्रत्यक्षात नसलेले मोठे ठिपके उमटतात. एकदा फाइलमध्ये उतरले की ते वेगळे काढता येत नाहीत, म्हणून काळजी स्कॅन करतानाच घ्यावी लागते. शक्य तेवढ्या खऱ्या ऑप्टिकल रिझोल्यूशनला, १६ बिटमध्ये स्कॅन करा आणि नंतर लहान करा. ४००० वरून २००० ला आणताना चार पिक्सेलांचा एक होतो, दाणा आपसूक मवाळ होतो.

त्याहून कमी हवा असेल तर एडिटरच्या लॅब (Lab) कलर मोडमध्ये जा, तिथे उजळपणा 'एल' चॅनेलमध्ये आणि रंग 'ए', 'बी' मध्ये वेगळे असतात. 'ए' आणि 'बी' चॅनेलना २-३ पिक्सेलांचा गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) द्या. रंगीत ठिपके जातात आणि तपशील बहुतांशी टिकतो, कारण तो 'एल' चॅनेलमध्ये असतो. 'एल'ला हात लावायचाच तर मास्क करून फक्त आकाशासारख्या सपाट भागांना लावा. चेहऱ्यावरचा दाणा पूर्ण पुसला की त्वचा मेणासारखी दिसते. शार्पनिंग सगळ्यात शेवटी.

अंधारखोली
आणखी एक शब्द वेगळा ठेवायला हवा: 'रेघा'. सेन्सरचा एखादा घटक बाकीच्यांपेक्षा कमीजास्त वाचत असेल तर स्कॅनच्या दिशेने सरळ पट्टा उमटतो. तो दर फेरीला त्याच जागी येतो, म्हणून मल्टी-सॅम्पलिंगने जात नाही. फिल्म काढून स्कॅनर पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो.

रीळपट्टी
इन्फ्रारेड सफाईने दाणा कमी होतो का?

चंदेरी
नाही, ती धूळ आणि ओरखड्यांसाठी आहे. चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर तर ती बंदच ठेवा. चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून खोडायला लागतं. सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेत, धुतल्या जाणाऱ्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी उरत नाही, तिथे चालते.