बेंदराचे मातीचे बैल घरी करायचेत, पाय तडकतात

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, नातवंडांकडून घरीच बैलजोडी करून घ्यायची आहे. माती शेतातली काळी. वाळताना पाय तडकतात, शिंगं गळतात. काय चुकतं? (तासगाव)

ताई, नुसती काळी माती फार आकसते. चार वाट्या मातीला एक वाटी बारीक चाळलेली वाळू आणि मूठभर पिंजलेला कापूस घाला. रात्रभर भिजवून, हाताला चिकटायची थांबेपर्यंत मळा. पायात काडी घालत असाल तर तेच कारण: माती आकसते, काडी आकसत नाही. पाय आखूड, जाड ठेवा आणि पोट खालून अंगठ्याने पोकळ करा. शिंगं आणि वशिंड लावताना दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून पातळ चिखल लावा. सावलीत चार-पाच दिवस वाळवा, ऊन नको.

डोळ्यांना ज्वारी ओल्या मातीत खोचू नका, फुगून भेग पडते. गुंजाही नको, विषारी असते. घरात लहान पोरं आहेत. वाळल्यावर चुन्याचा हात, मग गेरू.

आणि ताई, खिलार जातीचा बैल करायचा तर तोंड अरुंद, शिंगं लांब, मागे वळलेली. पण पोरांनी केलेला बैल तुम्ही सरळ करू नका! वाकडं शेपूट राहू द्या. आजीने आपली जोडी शेजारी बसून करावी. बघून बघूनच हात वळतो. खांदेमळणीला, म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात तेव्हा, पोरांना या मातीच्या बैलांच्या खांद्यालाही हळद लावू द्या, पण कोरड्या बोटाने. तेला-तुपाचे डाग पडतात.